आणायला कोणी जायचं

या, जवळ या. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, म्हणून म्हणते पुढं सरका. टाळ बाजूला ठेवा, मोबाइल खिशात घाला. ठोंबऱ्यांच्या घरातली भाऊबंदकी तुम्ही ऐकलीत, रामरावांनी सख्ख्या भावाशी बारा वर्षं धरलेला अबोलाही ऐकलात. आज त्याच घरातली एक दुपार सांगायची आहे. गोष्ट म्हणाल तर एवढीशी: एका लेकीला सासरी कोणी न्यायचं. एवढ्याशा गोष्टीनं नऊ वर्षं कशी गिळली ते ऐका, आणि मग ज्याला धीराचं फळ गोड म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं.

तर त्या दिवशी साखरखेर्ड्याला, सकाळपासून, रामरावांच्या पत्नी वच्छलाबाई एकाच प्रश्नात अडकल्या होत्या. गोड करायचं की नाही?

नांदुऱ्याहून जावई ज्ञानेश्वर वेरुळकर आणि त्याची आई सोजराबाई येणार होते. लेकीला न्यायला नव्हे. फारकतीच्या अर्जावर तिची सही घ्यायला. जावई घरी येतो तेव्हा गोडधोड होतं, एवढं वच्छलाबाईंना ठाऊक होतं. तुटायला येतो तेव्हा काय रांधतात, ते त्यांना ना आईनं शिकवलं होतं ना सासूनं. शेवटी त्यांनी शेवयांची खीर टाकली. साखर मात्र हात आखडून घातली.

पलीकडं बाजेवर लसूण सोलत बसलेल्या तानुबाईंना वास गेलाच. तानुबाई म्हणजे रामरावांची थोरली बहीण, वय पंचाहत्तर, अकाली विधवा होऊन माहेरी आलेली. घरातल्या रीतीभातींची चावी तिच्या कनवटीला.

"गोड कशापायी गं वच्छला? बारसं हाये का कोनाचं?"

शब्द निसटून गेला. मोरीपाशी ताटं पुसत लेक संजीवनी उभी होती.

नऊ वर्षांपूर्वी संजीवनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, गोरीपान, डोक्यावर जावळ हे एवढं. बाराव्या दिवशी बारसं होतं. मेहकरहून पाळणा आणला होता, त्याला रंगीत चिमण्या बांधल्या होत्या. अकराव्या दिवशी पहाटे लेकरू निळं पडलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेलं. त्यानंतर संजीवनी सासरी गेलीच नाही. कोणी न्यायला आलं नाही.

"तोंड जळो माझं," तानुबाई पुटपुटल्या.

"असू द्या मोठी आत्या," संजीवनी म्हणाली. "खीर होऊ द्या. कोनी नाही खाल्ली तर अंगणवाडीत नेते. लेकरं बशी चाटून पुसून ठेवतील."

ती गावातल्या अंगणवाडीत सेविका होती. रोज सकाळी दुसऱ्यांची लेकरं वजनाच्या काट्यावर ठेवायची आणि आकडे लिहायची. वच्छलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. तेहतीस वर्षांची लेक. दोन्ही भुवयांच्या मधे एक उभी रेघ पडली होती, ती केव्हा पडली ते आईलाही सांगता आलं नसतं.

अकराच्या गाडीनं पाहुणे उतरले. स्टँडवरून त्यांना नजीरभाई घेऊन आले. नजीरभाई गावातले तुरी-कापसाचे व्यापारी. दर मंगळवारी नांदुऱ्याला जाणार आणि दोन्ही घरी चहा घेणार. ही बैठकही त्यांनीच जमवली होती.

ज्ञानेश्वर पाया पडायला वाकला तेव्हा त्याच्या टाळूवरचे विरळ झालेले केस वच्छलाबाईंना दिसले. लग्नात ह्याच डोक्यावर मुंडावळ्या ठरत नव्हत्या, केस इतके दाट.

"बसा जावईबापू," रामराव म्हणाले आणि खाकरले. जावई म्हणावं की नाही, तेही ठरलेलं नव्हतं.

चहा झाला. अर्जाचा कागद टीपॉयवर आला, त्यावर पेन ठेवलं गेलं. ज्ञानेश्वरनं खाली बघत सांगितलं, की त्यांच्याच गल्लीत राखी म्हणून एक जण आहे, नवरा अपघातात गेला, सहा वर्षांची मुलगी आहे; दिवाळीत त्यानं तिला शब्द दिला. कागद झाला की लग्न.

रामरावांना राहवलं नाही. "म्हंजे त्यासाठी सापडला म्हणायचा साखरखेर्ड्याचा रस्ता! नऊ वर्षं तर नव्हता सापडला."

"रस्ता तुमच्या बाजूनंबी तेवढाच लांब हाय इवाई," सोजराबाई म्हणाल्या. घाटाखालच्या नांदुऱ्याकडची बाई, बोलणं सरळ कपाळावर. "का आमच्याच पायाले चाकं हायेत?"

"अगं बाई, पन न्यायला कोन येत असतं?" तानुबाई बाजेवरून पुढं सरकल्या. "लेकरू गेलं आमच्या घरात, पोरगी रडून रडून आर्धी झालेली. सव्वा महिना झाला की सासूनं यावं, हिरव्या खणानं ओटी भरावी, चल माय आपल्या घरी म्हनावं. ही रीत! आम्ही आमच्या पायानं नेऊन सोडली असती तर लोकांनी काय म्हनलं असतं? दुखातली लेक घराबाहेर लोटली!"

सोजराबाईंच्या हातातली बशी अर्ध्यावर थांबली.

"काय म्हन्ता?"

"काय म्हन्ता म्हंजे? पिढ्यान् पिढ्या चालत आलं हाये."

"अवो बाई, आमच्या घरात तं उलटं हाय!" बशी खाली टेकली. "ज्याइच्या घरी लेकरू गेलं त्याइच्या दारात सासरच्यानं आपुन होऊन पाय ठेवाचा नाई. गेलं तं कसं होते? मेलेल्या लेकराचा जाब इचाराले आल्यासारखं होते. त्याइले आधीच दुख, आपुन काऊन टोचाचं? त्याइचं मन निवलं का तेच पोरीले आनून सोडतात, मंग उंबऱ्यावर आपुन वटी भराची. माह्या जावेच्या सुनेले अशीच आनून सोडली होती. मी खण काढून ठेवला, नारळ काढून ठेवला. दर दिवाळीले नारळ बदलत गेली बाई मी. आठ नारळ बदलले."

रस्त्यावरून भांडेवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू येत राहिला.

वच्छलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या मनात आलं, दोन्ही रीती मायेच्याच. त्यांच्या रीतीला वाटत होतं, लेकीला लोटू नये. ह्यांच्या रीतीला वाटत होतं, व्याह्यांना टोचू नये. कोणीच वाईट नव्हतं. पांडुरंगा, कोणी वाईट असतं तर बरं झालं असतं रे, त्याला बोल तरी लावता आला असता.

"या अल्ला," नजीरभाईंनी डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दर मंगळवारी मी त्या घरी चहा पेतो. एखाद्यानं म्हनायचं ना, नजीर, त्याइच्यात काय चाल हाये एवढं इचारून ये."

"मग तूच का नाही इचारलं?" रामरावांचा आवाज चढला.

"घरची गोष्ट होती भाऊ. म्या म्हनलं सबर करावा, आपोआप जुळंल. तुमीबी धीरच धरून बसले होते ना?"

"आन् तो फोन?" रामराव आता ज्ञानेश्वरकडं वळले. त्या काळात संजीवनीचा मोबाइल तानुबाईंच्या कपाटात होता, सुतकातल्या बाईनं फोनवर बोलू नये म्हणून. सव्वा महिन्यानंतर एकदा तो वाजला आणि रामरावांनी उचलला होता. "तुम्ही म्हनले, मामाजी, आम्ही वाट पाहून राह्यलो. मी म्हनलं, आम्हीबी. मला वाटलं तुम्ही टोमना मारता."

"मले वाटलं तुम्ही मारला," ज्ञानेश्वर म्हणाला.

पुढं तो कामासाठी सुरतेला गेला, नंबर बदलला, आणि बोलणं तिथंच संपलं. खालमानेनं तो पेनचं टोपण उघडत-लावत होता. मग म्हणाला, "मी दोन डाव आल्तो."

"कुठं?"

"मेहकरापर्यंत. पहिल्या डावाले स्टँडवर चहा पेलो. मायचा शब्द आठोला, का आपुन गेलो तं त्याइले टोचन. परतीच्या गाडीत बसलो. दुसऱ्या डावाले तं साखरखेर्ड्याच्या गाडीत जागाबी धरली होती."

"मग?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. नऊ वर्षांत संजीवनी नवऱ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"मंग उतरलो."

तिनं मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगितला आणि तिला तो ओळखीचा वाटला.

आणि मग, मंडळी, पाहता पाहता बैठकीचं पारडं फिरलं. पाच मिनिटांपूर्वी ज्या दोन म्हाताऱ्या एकमेकींवर शब्दांचे खडे मारत होत्या, त्याच एका बाजूला झाल्या.

"झालं गेलं गंगेला मिळालं!" तानुबाईंनी लसणाची पाटी ढकलली. "वच्छला, पाट मांड. खण हाये ना घरात?"

"हाव माय, भरा वटी. मीच भरतो माह्या हातानं. दोन्ही घरचा मान राह्यला," म्हणत सोजराबाईंनी टीपॉयवरचा कागद उचलून सतरंजीखाली सारला.

रामराव उपरण्यानं डोळे पुसत होते. "धीर धरला म्हनून आजचा दिवस दिसला. नाही तर कवाच तोडून मोकळे झालो असतो." नजीरभाईंची टोपी मात्र अजून गुडघ्यावरच होती.

वच्छलाबाई आत धावल्या. त्यांचे गुडघे दुखतात हे त्यांना आठवलं नाही. कपाटातून हिरवा खण निघाला, नारळ निघाला, ताटात तांदूळ पसरले, हळकुंड, सुपारी. ओठ पुटपुटत होते: ऐकलंस रे, विठाई, ऐकलंस शेवटी.

मागून संजीवनी आली. तिनं खिरीखालचा गॅस बंद केला.

"आई, कोणासाठी भरतीस?"

"वेड्यासारखं काय इचारतीस? तुझ्यासाठी! मी म्हनत नव्हते का तुला? भांडं हलवू नको, दही लागू दे!"

हे सांगायला हवं. तिसऱ्या वर्षी, गावात हरिनाम सप्ताह चालू असताना, संजीवनीनं पिशवी भरली होती. एकटीच जाते म्हणाली, मेहकर, खामगाव, नांदुरा, तीन गाड्या बदलायच्या, त्यात काय? वच्छलाबाई दारात आडव्या झाल्या होत्या. त्या दुपारच्याच कीर्तनात महाराजांनी दृष्टांत दिला होता. दुधाला विरजण लावलेली बाई. घडीघडी झाकण काढून बघते, गाडगं हलवते, दही काही लागत नाही. बाई गं, हलवू नको, महाराज म्हणाले होते. ठेव आणि नाम घे. वच्छलाबाईंनी तोच दृष्टांत लेकीला दिला होता, पदर पसरून. संजीवनीनं पिशवी खाली ठेवली होती.

"आई, त्या दिवशी महाराजांनी फुडं काय सांगितलं, ठाऊक हाये का तुला?"

"फुडं?" वच्छलाबाईंचा हात ताटावर थांबला. "फुडं मी कुठं होते? पंगत बसायची होती. आम्ही बाया पोळ्या लाटायला उठलो."

"तुम्ही नेहमीच उठायच्या. मला त्या वर्षी कोनी पोळ्यांना हात लावू दिला नव्हता, बाळंतपन नासलेली म्हनून. मी बसून राहिले. महाराज म्हनले, दही लागलं की त्याच घडीला रवी घाला. लागलेलं दही नुसतं झाकून ठेवलं तर आंबतं, मग ते कुत्रंबी खात नाही. धीर विरजणाला, हात घुसळायला. देवानं दोन्ही दिले."

बाहेर तानुबाई विचारत होत्या, नारळाला शेंडी आहे ना नीट. इथं मायलेकी एकमेकींकडं पाहत उभ्या.

"तू ऐकलं होतंस," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "मग दारात मी आडवी झाले तवा का नाही बोललीस?"

संजीवनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "भ्या वाटत होतं. तिथं जाऊन उभी राहिले आन् त्यांनी आत घेतलं नसतं तर? तू अडवलंस तवा मला बरं वाटलं आई. वरून रडले, आतून बरं वाटलं. तुला कशी बोल लावू? तुझ्या धीराआड मीच लपले."

वच्छलाबाईंना खाली बसावंसं वाटलं, पण ताट हातात होतं. चाळीस वर्षं त्या कीर्तनाला जात होत्या. पहिल्या अभंगाला पुढच्या रांगेत, हात जोडून, डोळे भरून. आणि दर वेळी अर्ध्यावर कुणीतरी खूण करायचं, चला गं, कणिक मळायची आहे. देवाचं अर्धं बोलणं त्यांनी काळजात जपून ठेवलं होतं आणि अर्धं पोळ्यांच्या धुरात गेलं होतं. महाराजांनी सगळं सांगितलं होतं. कमी पडलं ते त्यांच्या ऐकण्यात.

"मग आता तर जा," त्या कशाबशा म्हणाल्या. "आता तर कोनी अडवत नाही. तो दोन डाव आल्ता म्हनतो."

"ऐकलं मी."

ती बाहेर गेली. वच्छलाबाई ताट घेऊन मागोमाग.

संजीवनी ज्ञानेश्वरसमोर खाली बसली. सगळ्यांना वाटलं, आता ओटी घ्यायला बसली. सोजराबाई खण उचलू लागल्या.

"राखीला काय सांगून आलात?"

ज्ञानेश्वरनं आईकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "आज कागद होईन म्हून सांगून आलो."

"ती वाट पाहत असंल."

"हाव." थोडं थांबून तो म्हणाला, खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं, "तिची पोरगी मले बाबा म्हन्ते. तीन-चार महिने झाले. मी शिकोलं नाई, आपुन होऊनच म्हनाले लागली."

"तिची समजूत काढता येईल," तानुबाई घाईनं म्हणाल्या. "बाईमानूस हाये. सांगायचं, धीर धर म्हनून. तुझंबी देव चांगलं करील."

त्यावर संजीवनी हसली. मोठ्यानं नाही. पण ते हसू ऐकून वच्छलाबाईंच्या हातातल्या ताटात नारळ गडगडला आणि तांदळाचे दाणे खाली सांडले.

सतरंजीची कड उचलून संजीवनीनं कागद काढला. पेन मागितलं. संजीवनी ज्ञानेश्वर वेरुळकर. अंगणवाडीच्या वहीत रोज तेच नाव लिहिणारा हात, पण आज आडनावापाशी थबकला, म्हणून वच्छलाबाईंच्या जिवात एकदम आशा उसळली. सोड, त्या मनात म्हणाल्या. सोड ते पेन, आईचं नको, देवाचं तरी ऐक. पण आता देव काय म्हणत होता ते त्यांनाच कुठं ठाऊक होतं?

आडनाव पुरं झालं.

"पोरी," सोजराबाई उचललेला खण तसाच धरून म्हणाल्या. "तुह्यासाठी आठ नारळ..."

"मामी, राखीच्या माहेरची चाल इचारली का? तिच्यात कोनी कोनाला आणायचं असतं?"

सोजराबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मग इचारा. गाडीत बसल्या बसल्या फोन लावा."

जेवणं झाली. कोण काय जेवलं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पानावरून उठताना रामराव ज्ञानेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि तोही हलला नाही. निघताना नजीरभाईंनी पायरीपाशी थांबून वच्छलाबाईंना म्हटलं, "भाभी, माफ करा." त्यांनी हात जोडले. माफ कोणी कोणाला करायचं?

दोनच्या गाडीला पोचवायला संजीवनीच निघाली. कोणी सांगितलं नव्हतं. सोजराबाईंना उतार झेपेना, तेव्हा तिनं त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हातात त्यांची पिशवी घेतली. ज्ञानेश्वर दोन पावलं पुढं, मधूनच थांबून मागं बघत. रस्त्यात कुणी परक्यानं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, मुलगा, सून, सासू, चांगलं घर आहे; सासूला किती जपते.

वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना हाक मारायची होती. ये गं मागं, किंवा जा गं तशीच पुढं, गाडीत चढ. दोन्ही ओठांवर आलं होतं. वळणावर तिघंही दिसेनाशी झाली तरी त्यांना ठरवता आलं नाही.

श्रोतेजनहो, तिला नावं ठेवू नका. देवाचं जेवढं कानी पडलं तेवढं तिनं मनापासून पाळलं, आणि लेकीवर माया केली ती त्याच्याच आधारानं. तुम्ही संध्याकाळी समईपुढं बसाल, हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल. त्यात माझ्यासाठी एक नाव वाढवा. वच्छलाबाई ठोंबरे, साखरखेर्डा. विसरू नका तिला.